जुनी पिकअप घेताना मीटरवर किती विश्वास ठेवावा

शेतमाल आणि भाड्याच्या कामासाठी 2018-19 च्या सुमाराची बोलेरो पिकअप शोधायला आम्ही जानेवारी 2025 मध्ये सुरुवात केली आणि मार्चअखेर गाडी नावावर झाली. या अडीच महिन्यांत सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका प्रश्नात: मीटरवरचा आकडा खरा आहे का, आणि खरा असला तरी गाडी त्या मानाने किती झिजली आहे. जो क्रम पाळला, तो इथे तपशिलासह लिहितो आहे.

2018-19 चं मॉडेल ठरवण्यामागे कारण होतं. 1 एप्रिल 2020 पासूनच्या गाड्या बीएस-6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या. त्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी गावातल्या गावात थांबत-थांबत चालली असेल तर तो काजळीने भरतो आणि दुरुस्ती महाग पडते. बीएस-4 पिकअपचं 2523 सीसी इंजिन तालुक्याच्या कुठल्याही मेस्त्रीला पाठ आहे. उलट बाजू ही की व्यावसायिक गाडीचं पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी असतं, त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. म्हणजे 2018 ची गाडी घेतली की हे दोन्ही खर्च 2026 मध्ये दारात येणार, हे भाव करतानाच धरायला हवं.

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्यायचा आणि एम-परिवहन ॲपवर टाकायचा. नोंदणीची तारीख, कितवा मालक, पासिंग, विमा, पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, गाडी ब्लॅकलिस्ट आहे का, हे सगळं घरबसल्या दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर थकलेला दंडही कळतो. आरसीवरचं एकूण वजनही वाचावं. 3000 किलोच्या वर असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागतं, आत असेल तर लागत नाही.

मग मीटर. पहिली गाडी एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे होती. नोव्हेंबर 2018 ची नोंदणी, मीटर 62 हजार, रंग चकचकीत, बोनेटखाली पुसून-धुऊन ठेवलेलं. अशा वेळी आधी भागाकार करावा. 62 हजारांना 74 महिन्यांनी भागलं की महिन्याला साधारण 840 किलोमीटर येतात. बँकेच्या कर्जावर घेतलेली, भाडं मारणारी पिकअप महिन्याला 840 किलोमीटरवर हप्ता काढूच शकत नाही. नाशिकहून वाशी मार्केटला माल नेणारी गाडी जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर धावते. महिन्याला बारा फेऱ्या धरल्या तरी 4200, वर्षाला पन्नास हजार. दुधाच्या लाइनची गाडी रोज 80 ते 120 किलोमीटर चालते आणि सुट्टी घेत नाही. फक्त स्वतःच्या शेतापासून जवळच्या बाजार समितीपर्यंत जाणारी गाडी खरोखर कमी चाललेली असू शकते. पण तशी गाडी सहसा एकाच मालकाची, बिनबोजाची आणि हौद्यावर ऊन-पावसाचा गंज असलेली मिळते. गाडीने कोणतं काम केलं हे आधी विचारा आणि आकडा त्या कामाशी जुळतो का ते बघा.

आकडा जुळत नव्हता, म्हणून केबिन जवळून पाहिली. ब्रेकच्या पेडलचं रबर उजव्या कोपऱ्यात पार गुळगुळीत होऊन खालचा पत्रा दिसत होता, तर शेजारचं क्लचचं रबर कोरं करकरीत, नुकतं बदललेलं. स्टिअरिंगवर हात जिथे टेकतो तिथली खरखर निघून गेली होती. ड्रायव्हर सीटवर नवं कव्हर होतं. ते उचललं तर दाराकडचा फोम बसून खालची पट्टी हाताला लागत होती. दार अर्धं उघडून वर उचललं तर बिजागरीत चांगली बोटभर ढिलाई. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर काही सिद्ध होत नाही, कारण पेडल रबर आणि सीट कव्हर किरकोळ पैशात बदलता येतं. पण बिजागरी, सीटची बैठक आणि काचेवर वायपरने पाडलेली कमान सहसा कुणी बदलत नाही. 62 हजारांत दाराची बिजागरी एवढी जात नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3223 म्हणजे 2023 चा बत्तिसावा आठवडा. पिकअपचा टायर वजनाच्या कामात साधारण 40 ते 50 हजार किलोमीटर जातो. मीटर 62 हजार दाखवत असेल तर गाडीवर फार तर दुसरा जोड असायला हवा. या गाडीला चार चाकांवर तीन वेगळ्या कंपन्यांचे आणि तीन वेगळ्या वर्षांचे टायर होते, म्हणजे गाडी एक-एक टायर बदलत बरीच वर्षं राबलेली. स्टेपनी नक्की बघावी. ती अनेकदा कंपनीतून आलेलीच असते, आणि तीही घासून संपली असेल तर गाडी किती फिरली याचा अंदाज येतो. काचांवरही उत्पादनाच्या वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर त्या बाजूला अपघात झाला होता का, हे विचारावं.

मीटर मागे घेण्याबद्दल एक गैरसमज आहे की त्यासाठी डॅशबोर्ड उघडावा लागतो आणि स्क्रूवर खुणा राहतात. डिजिटल मीटरचा आकडा मीटरमधल्या मेमरी चिपमध्ये असतो. काही गाड्यांत तो ओबीडी सॉकेटला (गाडीचे दोष वाचण्यासाठी दिलेल्या जोडणीला) यंत्र लावून बदलता येतो, एकही स्क्रू न काढता. म्हणून खुणा नाहीत म्हणजे मीटर खरं, असं धरू नये. जुन्या फिरत्या आकड्यांच्या मीटरमध्ये मात्र आकडे एका रेषेत नसणं ही अजूनही चांगली खूण आहे.

खरा पुरावा बाहेर असतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसी नंबरवरून प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि मीटर रीडिंग सापडतं. ही माहिती मालकाच्या संमतीने मिळते, म्हणून विकणाऱ्यालाच सोबत घेऊन जावं किंवा त्याच्याकडून प्रिंट मागावी. या गाडीची शेवटची कंपनी नोंद एप्रिल 2021 ची होती आणि तिथे मीटर 1 लाख 14 हजार होतं. पहिल्या 29 महिन्यांत महिन्याला जवळजवळ चार हजार, म्हणजे सरळसरळ वाशी लाइनची गाडी. त्याच चालीने आज ती पावणेतीन-तीन लाखांच्या घरात असणार. तो व्यवहार तिथेच थांबला.

दुसरा पुरावा फास्टॅगचा. मालक बँकेच्या ॲपवरून टोलचं स्टेटमेंट काढू शकतो. घोटी आणि पडघ्याचे टोल महिन्याला किती वेळा कापले गेलेत ते मोजलं की फेऱ्या कळतात. तिसरा पुरावा बॅटरीचं वॉरंटी कार्ड, टायरची बिलं, बोनेटखाली ऑइल बदलल्याचा चिकटवलेला कागद. त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही लिहिलेले असतात, आणि मीटर मागे घेणारा ते काढायला बऱ्याचदा विसरतो. विम्याचा क्लेम झाला असेल तर सर्व्हेअरच्या अहवालातही रीडिंग असतं.

स्कॅनर लावता आला तर लावावा. साध्या ओबीडी स्कॅनरवर कोड पुसल्यापासून गाडी किती चालली हे दिसू शकतं. तो आकडा वीस-तीस किलोमीटर निघाला तर बघायला येण्याआधी कुणीतरी इंजिन लाइट घालवला आहे. कंपनीच्या यंत्रावर काही मॉडेलमध्ये इंजिनचे एकूण तासही वाचता येतात. पाच हजार तास आणि 60 हजार किलोमीटर म्हणजे ताशी 12 चा सरासरी वेग. हमरस्त्यावर चालणाऱ्या पिकअपची सरासरी 35 च्या आसपास पडते, म्हणजे ते इंजिन पावणेदोन लाख चाललेलं आहे.

दुसरी गाडी रत्नागिरीकडची, मीटर 90 हजार आणि ते खरंही वाटत होतं. पण ती मासळीची गाडी. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेंबथेंब चेसीवर पडत राहतं. वरून काळा रंग मारलेला होता. स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या बाजूने चेसीवर ठोकलं तर मागच्या चाकाच्या वर खण्ण आवाजाऐवजी बद्द आवाज आला आणि पापुद्रे सुटले. कमी चाललेली असूनही ती सोडली. इंजिन बांधता येतं, चेसी सडली की इलाज नाही.

तिसरी गाडी सिन्नर भागातली, नोव्हेंबर 2018 ची, एकाच मालकाची, भाजीपाला आणि कांद्याची. मीटर 1 लाख 68 हजार. महिन्याला साधारण 2270 किलोमीटर, कामाशी जुळणारा आकडा. 1 लाख 20 हजारांपर्यंतच्या कंपनी सर्व्हिसच्या नोंदी होत्या, त्यापुढच्या नोंदी गावातल्या गॅरेजच्या वहीत. किंमत 4 लाख 85 हजार सांगितली. बाजारात याच वर्षाच्या 70-80 हजार दाखवणाऱ्या गाड्या पाच लाखांच्या पुढे सांगत होते. माझं मत स्पष्ट आहे: पुराव्यासकट पावणेदोन लाख चाललेली गाडी ही बिनपुराव्याच्या सत्तर हजारांपेक्षा घेण्यासारखी.

मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर आधी रेडिएटरवर हात ठेवून ती थंड असल्याची खात्री केली. गरम इंजिन बरेच दोष लपवतं. इंजिन थंड असतानाच पहिल्या-दुसऱ्या फिरकीला गाडी उचलली पाहिजे. सुरुवातीचा पांढुरका धूर मिनिटभरात जायला हवा. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, वॉल्व्ह सील किंवा टर्बो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर थोडा काळा धूर चालतो, सतत काळा असेल तर इंजेक्टर, एअर फिल्टर किंवा टर्बोच्या पाइपची गळती तपासावी.

इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवून बघा. थोडी वाफ येणं ठीक. झाकण उडायला लागलं किंवा भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे बोर-पिस्टन आणि रिंगा गेल्या. आमच्याकडे या कामाचा, म्हणजे हाफ इंजिनचा, खर्च 60 ते 80 हजार सांगतात. डिपस्टिकवरचं ऑइल काळं असणं हा डिझेलमध्ये दोष नाही, ते दोन-तीनशे किलोमीटरमध्येच काळं होतं. उलट मधासारखं स्वच्छ आणि नेहमीपेक्षा घट्ट ऑइल दिसलं तर सावध व्हावं: धूर आणि बॅक दाबण्यासाठी घट्ट ऑइल भरण्याची पद्धत बाजारात आहे. रेडिएटरचं झाकण मात्र थंड असतानाच उघडायचं. आत तेलाचा तवंग किंवा गंजाचं तपकिरी पाणी नको. या गाडीत पाणी हिरवं आणि स्वच्छ होतं, बॅक थोडी, वयाला शोभेल एवढी.

मग गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर घेतली. तिथे शंभर रुपये दिले की अर्धा तास खाली उभं राहता येतं, आणि पिकअपसाठी हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा. टॉर्च घेऊन चेसी पुढून मागे बघत जावी. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे चेसीला रिव्हेट केलेले असतात तिथे ओव्हरलोडमुळे आधी तडा जातो. तिथे वेल्डिंगचा मणका दिसला, किंवा एकाच पट्ट्यावर ताजा रंग दिसला, तर तिथे काय झालं होतं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाटे मोजावेत आणि डावी-उजवी बाजू सारखी आहे का बघावं. जास्तीचा पाटा घातलेला असेल तर गाडी क्षमतेपेक्षा जास्त माल वाहत होती, आणि त्याचा मार हाउसिंग (मागच्या एक्सलची पेटी), बेअरिंग आणि ब्रेकवर गेलेला असतो. या गाडीला मागे एक पाटा वाढवलेला होता, पण हँगर निर्दोष होते. गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्यातून ऑइल गळत असेल तर क्रँकचं मागचं सील, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. प्रोपेलर शाफ्ट हाताने धरून पिळला की त्याच्या जोडातल्या क्रॉसची ढिलाई कळते.

पुढचं चाक जॅकवर उचलून आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवलं. डावी-उजवीकडे खडखड झाली. टाय रॉडचे एंड गेलेले होते. वर-खाली ढिलाई आली असती तर व्हील बेअरिंग किंवा चाकाचे जोड असा मोठा खर्च निघाला असता. टायर एका कडेने घासलेले होते, त्याचंही कारण हेच.

चालवून बघताना रिकामी गाडी चालवण्यात अर्थ नाही. मालकाला विनंती करून वीस गोणी कांदा, साधारण टनभर वजन, टाकून घेतलं आणि मोहदरी घाटात नेली. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढला आणि वेग तेवढाच राहिला, म्हणजे क्लच प्लेट सुटायला लागली होती. रिकाम्या गाडीत हे कळलंच नसतं. टेंपरेचरचा काटा मध्यावर स्थिर राहिला. उतरताना गाडी तिसऱ्यात ठेवून पाय सोडला: गिअर उडून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्सचं काम निघतं. सपाटीवर 50-60 च्या वेगात पाय दाबताना आणि सोडताना मागून घूं असा आवाज बदलत असेल तर हाउसिंगमधली दात्यांची जोडी, क्राउन-पिनियन, संपत आलेली. इथे ती शांत होती. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावून स्टिअरिंग किंचित सैल धरलं तर गाडी डावीकडे ओढत होती. सोबत नेलेल्या मेस्त्रीने डाव्या-उजव्या ब्रेकचा ताळमेळ गेल्याचं सांगितलं.

मेस्त्रीची फी 1500 रुपये. त्याच्या कागदावर क्लच सेट मजुरीसह 11 हजार, टाय रॉड एंड आणि अलाइनमेंट 4 हजार, ब्रेकचं काम 5 हजार, पुढचे दोन टायर 15 हजार. बेरीज 35 हजार. हा कागद मालकासमोर ठेवून बोललो आणि सौदा 4 लाख 40 हजारांवर बसला. नुसतं "कमी करा" म्हणण्यापेक्षा असा कागद जास्त कामाला येतो, आणि मालकालाही आपण त्याची गाडी उगाच नावं ठेवत नाही हे कळतं.

इसार 10 हजार दिला आणि 500 रुपयांच्या स्टँपवर लिहून घेतलं: चेसी नंबर, इंजिन नंबर, मीटर रीडिंग, बोजा उतरवणं आणि एचएसआरपी (सुरक्षा खुणांची सरकारी नंबरप्लेट) विक्रेत्याकडे, ताब्याच्या वेळेपर्यंतचे सगळे दंड विक्रेत्याचे. मीटर रीडिंग लिहिताना "माझ्या माहितीप्रमाणे हे मीटर बदललेलं नाही" हे वाक्य घालून सही घ्या. खरा माणूस सही करायला कां-कू करत नाही.

कागदपत्रांत वेळ गेला तो दोन ठिकाणी. कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवर बोजा तसाच होता. बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 यायला दोन आठवडे लागले. आणि परिवहनच्या साइटवर ओटीपी मालकाच्या ज्या मोबाइलवर जायचा तो नंबर बंद पडलेला. तो आधी अपडेट करावा लागला. म्हणून बघायला जाल त्याच दिवशी मालकाला विचारा की आरटीओत दिलेला नंबर चालू आहे ना. 1 एप्रिल 2019 आधीची गाडी असल्याने एचएसआरपीही बसवायची होती. चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी.

नाव बदलासाठी फॉर्म 29 आणि 30, दोघांचे पत्त्याचे पुरावे, पॅन, चालू विमा, पीयूसी, पासिंग आणि चेसी नंबरची पेन्सिल छाप. छाप स्वतः घ्यावी, कारण तेव्हा नंबर घासून पुन्हा ठोकलेला नाही ना हे डोळ्यांनी बघता येतं. राज्याबाहेरची गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते आणि कराचा हिशेब वेगळा होतो. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मूळ मालकाने गाडी डीलरकडे सोपवल्याची नोंद फॉर्म 29सी ने झालेली असते. ती मागून बघावी.

विम्याकडे बऱ्याच जणांचं लक्ष नसतं. गाडी हस्तांतरित झाल्यापासून 14 दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलाचा अर्ज द्यायचा असतो. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाव बदलल्याशिवाय अडतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो आपल्याला मिळत नाही. त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते.

उरलेले पैसे बँकेतूनच दिले आणि ताबा पावतीवर तारीख आणि वेळही लिहिली. आरसी पोस्टाने यायला तीन आठवडे गेले. मधल्या काळात क्लच आणि ब्रेक उरकून घेतले. सोबत इंजिन, गिअरबॉक्स आणि हाउसिंग, तिन्हींचं ऑइल, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदललं, कारण जुन्या मालकाने हाउसिंगचं ऑइल शेवटचं कधी बदललं याची नोंद गॅरेजच्या वहीत नव्हती. काढलेल्या हाउसिंग ऑइलमधून चुंबक फिरवला तर त्याला बारीक करडी पूड लागली. कणी किंवा दाताचा तुकडा निघाला नाही. वाढवलेला पाटा काढून टाकला आणि गाडी काट्यावर नेऊन रिकामं वजन आरसीवरच्या वजनाशी ताडून घेतलं. हौद्याला नंतर जाड पत्रा मारलेला असेल तर तेवढ्या वजनाचा माल कायद्याने कमी भरता येतो, आणि ओव्हरलोडचं चलान नव्या मालकाच्या नावावर येतं.